सातेरी आणि मेलिफेरा एकाच बागेत, माईटचं काय करायचं? (राजापूर)

कातळसडा | ११ मार्च

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची काजूची आणि थोडी हापूसची बाग आहे. सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेट्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. यंदा काजूचा मोहर सुरू व्हायच्या आधी घाटावरच्या एका मधपाळांकडून मेलिफेराच्या (युरोपीय मधमाशीच्या) पाच पेट्या विकत आणल्या. काजूची फळधारणा वाढावी हा मुख्य हेतू, मध मिळाला तर वरकड.

या आठवड्यात दोन गोष्टी नजरेला आल्या. मेलिफेराच्या दोन पेट्यांसमोर माश्या जमिनीवर रांगताहेत. त्यातल्या काहींचे पंख चुरगळलेले, पोट आखूड. फ्रेम उचलून उन्हात धरली तर काही माश्यांच्या अंगावर लालसर तपकिरी चपटा ठिपका दिसला, काडीने ढकलला तर सरकला.

दुसरं सातेरीचं. पोळ्याच्या खालच्या कडेला फुगीर, टोकदार झाकणांची घरं आहेत आणि प्रत्येक झाकणाच्या बरोबर मध्यभागी बारीक भोक. तळपाट झाडला तर तसंच भोक असलेल्या तपकिरी चकत्या ओंजळभर निघाल्या.

ज्यांच्याकडून पेट्या आणल्या ते फोनवर म्हणाले, सगळ्या पेट्यांत औषधाच्या पट्ट्या टांगा, सातेरीतसुद्धा. मधकोठ्या चढवलेल्या आहेत, मध भरतोय. अशा वेळी पट्ट्या टांगायला मन धजत नाही. जाणकारांनी सांगावं.

आंबेवाला_देवगड | ११ मार्च

आधी एक विचारतो. शेजारच्या कलमांवर तुडतुड्याची फवारणी झाली का? आमच्याकडे मोहराच्या दिवसांत पेटीसमोर रांगणाऱ्या माश्या दिसल्या की दहापैकी निम्म्या वेळी कारण फवारणीच असतं. त्यात माश्या एकदम मोठ्या संख्येने मरतात, बऱ्याच मेलेल्या माश्यांची जीभ बाहेर आलेली असते, आणि पंख शाबूत असतात.

कातळसडा | ११ मार्च

फवारणी झाली, पण महिन्यापूर्वी. आणि हे एकदम झालेलं नाही, रोज थोड्या थोड्या. पंख चुरगळलेले नक्की आहेत.

मधकोठी | १२ मार्च

मग मेलिफेरात व्हरोआ, म्हणजे माशीवर जगणारी परजीवी माईट (बारीक कोळी) आहे, यात शंका नको. चुरगळलेले पंख हे माईटने थेट केलेलं नुकसान नसतं. तिच्याबरोबर येणाऱ्या विषाणूची ती खूण, आणि तो विषाणू डोळ्याला दिसेपर्यंत माईट बऱ्यापैकी वाढलेली असते.

पण त्याआधी सातेरीचं सांगतो, कारण तिथे तुम्ही नाहक औषध घालाल. ती भोकाची झाकणं म्हणजे नरांची घरं. सातेरीचा नर कोष विणतो तेव्हा झाकणाच्या आत एक घट्ट कवच तयार होतं आणि त्याच्या मध्यभागी हवेसाठी भोक असतं. नंतर कामकरी माश्या वरचं मेण खरवडून नेतात, म्हणून ते भोक उघडं पडतं. नर बाहेर पडले की चकत्या तळाला येतात. तुमच्या तळपाटावर ओंजळभर चकत्या निघाल्या याचा अर्थ वसाहत जोरात आहे आणि फुटायच्या बेतात आहे. राणीघरं शोधा, औषध नको.

व्हरोआ मुळात आपल्या पूर्वेकडच्या माशीचीच परजीवी. १९०४ साली जावा बेटावर सातेरीच्या जातीच्याच माशीवर ती पहिल्यांदा नोंदली गेली. हजारो वर्षं एकत्र काढल्यामुळे सातेरीने तिच्याशी जमवून घेतलंय. सातेरीच्या वसाहतीत व्हरोआची पैदास जवळजवळ फक्त नरांच्या घरात होते. कामकऱ्यांच्या घरात शिरली तर माश्या ते पिल्लू उपसून बाहेर टाकतात. नराच्या एका घरात जास्त माईट शिरल्या तर तो नर इतका अशक्त होतो की ते घट्ट कवच त्याला फोडता येत नाही. कामकरी माश्याही ते उघडत नाहीत. नर आतच मरतो आणि त्याच्याबरोबर सगळ्या माईटही. शिवाय माश्या एकमेकींचं अंग साफ करतात ते वेगळंच. नरांचा पिलावा (पोळ्यातली अंडी-पिल्लं) वर्षातले थोडेच दिवस असतो, त्यामुळे माईटला वाढायला सवडच मिळत नाही.

मेलिफेराचं तसं नाही. आपल्याकडे ती १९६०च्या दशकात नगरोट्याला, म्हणजे आजच्या हिमाचलात स्थिरावली. तिच्याकडे यातलं काहीही पुरेसं नाही. तिच्या कामकऱ्यांच्या घरातही माईट बिनधास्त वाढते. मेलिफेराला छळणारी जात वेगळी आहे हे तर २००० साली कुठे स्पष्ट झालं, तेव्हा तिला व्हरोआ डिस्ट्रक्टर हे नाव मिळालं. नाव शोभतं.

तिची रीत लक्षात ठेवा, म्हणजे उपायाचं गणित सुटतं. घर मेणाने बंद व्हायच्या जरा आधी मादी माईट आत शिरते, पिल्लाच्या खाद्यात दडून बसते. घर बंद झाल्यावर साधारण अडीच-तीन दिवसांनी पहिलं अंडं, ते नराचं. मग सुमारे ३० तासांच्या अंतराने माद्यांची. कामकरीचं घर १२ दिवस बंद असतं, नराचं १४-१५. ते जादा दोन-तीन दिवस माईटच्या दृष्टीने फार मोलाचे, म्हणून मेलिफेरातही तिची पहिली पसंती नराच्या घराला. आणि मुख्य गोष्ट: पिलावा असताना बहुतेक माईट बंद घरांत असतात. तुम्हाला माशीच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच.

सुरंगी | १२ मार्च

आमच्या वेंगुर्ल्यात सातेरीक कोणी औषध घालीत नाय. पेटी बलवान ठेवली तर ती आपला आपण बघता.

मधकोठी दादांच्या बोलण्याला पूर्ण अनुमोदन. एक भर घालते. सातेरी चिडली किंवा उग्र वास आला की सरळ घर सोडून जाते. फॉर्मिक आम्ल किंवा ओव्याच्या फुलाचा (थायमॉलचा) वास मेलिफेरा सोसते, सातेरी सोसेलच असं नाही. नसलेल्या रोगासाठी औषध घालून भरलेली पेटी रिकामी झाल्याचं मी गावात पाहिलंय. सातेरी जपा हो.

सातेरीच्या पिलाव्यात ठिकठिकाणी मोकळी घरं दिसायला लागली तर माईटच्या आधी थाई सॅकब्रूड हा पिल्लांचा रोग तपासा. बंद झालेल्या किंवा बंद होत आलेल्या घरात पिल्लू ताणून उताणं मेलेलं, डोकं वर उचललेलं. चिमट्याने ओढलं तर पाण्याने भरलेल्या पिशवीगत अखंड बाहेर येतं. १९९१-९२मध्ये याच रोगाने दक्षिणेतल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती खाल्ल्या. विषाणू आहे, त्यावर औषध नाही. पिलाव्यात खंड पाडायचा, राणी बदलायची आणि एका पेटीतली फ्रेम दुसऱ्या पेटीत अजिबात द्यायची नाही.

किडामुंगी | १२ मार्च

आणखी एक शक्यता बघून घ्या. सड्यावर, मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतील तर ट्रॉपिलेलॅप्स नावाची दुसरी माईटही मेलिफेरात येते. आग्या माशी ही तिची मूळ यजमान. दिसायला व्हरोआपेक्षा बारीक, लांबी १ मिलिमीटरच्या आत. व्हरोआ लांबीपेक्षा रुंद असते, मोहरीचा दाणा चपटा करावा तशी, आणि माशीच्या पोटाच्या खवल्यांत घुसून स्वस्थ बसते. ट्रॉपिलेलॅप्स रुंदीपेक्षा लांब आणि पोळ्यावर भराभर धावते. फ्रेम उभी धरून कडेवर हाताने एक ठोका द्या, खाली पांढरं ताट ठेवा. धावणारे तांबूस ठिपके पडले तर ती.

हिचं आयुष्यचक्र साधारण आठवड्याचं, त्यामुळे व्हरोआपेक्षा वेगाने वाढते. पण तिची एक कमजोरी फार उपयोगाची आहे. मोठ्या माशीचं अंग फोडून तिला खाता येत नाही. पिलावा नसेल तर ती काही दिवसांतच मरते. व्हरोआ मात्र मोठ्या माशीवर महिनोनमहिने तग धरते. पूर्वी समजूत होती की ती माशीचं रक्त पिते, २०१९च्या संशोधनात दिसलं की तिचं मुख्य खाद्य माशीच्या शरीरातला मेदपेशींचा थर आहे. विषारी द्रव्यं निकामी करायचं, साठा करायचं, प्रतिकाराचं काम याच थराचं. म्हणून माईट लागलेली वसाहत फवारणीलाही लवकर बळी पडते. आंबेवाल्यांनी विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न असे एकमेकांना जोडलेले आहेत.

आणि पाठीवर दाटीने बसलेले फिकट, अगदी बारीक कोळी दिसले तर घाबरू नका. फुलांतल्या परागावर जगणाऱ्या काही जाती एका फुलातून दुसऱ्या फुलात जायला माशीचा वाहन म्हणून वापर करतात. ते माशीला खात नाहीत.

कातळसडा | १३ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. सातेरीचा जीव वाचला. राणीघरं खरोखरच निघाली, विभाजन करतोय. ताटावर धावणारं काही पडलं नाही, म्हणजे मेलिफेरात व्हरोआच. आता पट्ट्या टांगू का?

मधकोठी | १३ मार्च

आधी मोजा. मोजल्याशिवाय औषध नको, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहीन.

पिठीसाखरेची पद्धत घ्या, माश्या मरत नाहीत. रुंद तोंडाची काचेची बरणी, झाकणाच्या जागी माश्या जाणार नाहीत अशी तारेची जाळी. उघडा पिलावा असलेल्या फ्रेमवरच्या माश्या घ्यायच्या, कारण माईट दाई (पिल्लांना भरवणाऱ्या) माश्यांवर जास्त असतात. राणी त्या फ्रेमवर नाही ना, हे दोनदा बघा. फ्रेम परातीत झटकून अर्धा कप भरून माश्या बरणीत, म्हणजे साधारण ३००. दोन मोठे चमचे पिठीसाखर जाळीतून घाला, बरणी लोळवून सगळ्या माश्या पांढऱ्या करा, दोन मिनिटं सावलीत ठेवा. मग बरणी उलटी करून पांढऱ्या ताटात मिनिटभर जोरात हलवा. ताटातल्या साखरेवर थोडं पाणी मारलं की साखर विरघळते आणि माईट उघड्या पडतात. आकड्याला ३ने भागा, ती टक्केवारी. २-३ टक्क्यांच्या वर गेली की हात बांधून बसायचं नाही.

कोकणात एक काळजी. खाऱ्या दमट हवेत पिठीसाखर ओलसर होते, गोळे होतात, माईट सुटत नाहीत आणि आकडा खोटाच कमी येतो. घरी मिक्सरमध्ये ताजी दळा, डबा घट्ट लावून बागेत न्या, उन्हं वर आल्यावर मोजा. बाजारच्या पिठीसाखरेत बऱ्याचदा मक्याचं पीठ असतं, ते माश्यांच्या पोटाला चांगलं नाही. पेटीतला मकरंद अगदी ताजा, पातळ असेल तर फ्रेम झटकताना तो माश्यांवर उडतो आणि साखर चिकटते, तेही सांभाळा.

आंबेवाला_देवगड | १३ मार्च

तळपाटावर तेल लावलेला कागद ठेवून पडलेल्या माईट मोजतात, ते सोपं नाही का?

सुरंगी | १३ मार्च

आमच्या मुंग्या ठेवतील तर ना. पडलेल्या माईट त्या उचलून नेतात आणि सकाळी कागद स्वच्छ. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असतील आणि त्या कोरड्या पडू दिल्या नाहीत तरच त्या आकड्यावर विसंबा. उंबील चढली तर माईटचा विचार करायला पेटीच शिल्लक राहत नाही.

रानवाट | १४ मार्च

रसायनं कशाला? कडुनिंबाचा धूर, करंजाचं तेल, हळद असं काही चालत नाही का? मध शुद्ध राहावा एवढीच इच्छा.

मधकोठी | १४ मार्च

इच्छा रास्त आहे आणि माझीही तीच आहे. पण कडुनिंबाच्या धुराने अंगावरच्या थोड्या माईट पडल्या तरी बंद घरातल्या तशाच राहतात, आणि तेल पोळ्याला लागलं तर पिलावा मरतो, मधाला वास येतो. झाडपाल्याचं म्हणून निर्धोक असं धरून चालू नका.

रसायनाशिवायचा खरा उपाय पिलाव्याच्या व्यवस्थापनात आहे. मेलिफेराच्या पिलावा कोठीत एक फ्रेम नरांच्या घरांची होऊ द्या. राणी तिथे नराची अंडी घालते, माईट तिकडे ओढल्या जातात. घरं बंद झाली की नर बाहेर यायच्या आत ती फ्रेम काढून पोळं कापून टाका, जवळ फ्रीजर असेल तर गोठवा. विसरलात तर माईटची फौज तुम्हीच पोसलीत असं होतं, तेव्हा तारीख फ्रेमवर पेन्सिलने लिहा. मध भरत असतानाही हे करता येतं.

कातळसडा | १५ मार्च

मोजलं. तीन पेट्यांत ३, ४ आणि ३ माईट. रांगणाऱ्या दोन पेट्यांत १४ आणि १९. म्हणजे तीन पेट्या साधारण एक टक्का, बाकी दोन पाच-सहा टक्के. हातात आकडा आला आणि डोकं शांत झालं. त्या मधपाळांचा पट्ट्यांचा आग्रह अजून चालू आहे.

मधकोठी | १५ मार्च

मधकोठी चढलेली असताना पट्टी टांगू नका, कोणी कितीही सांगो. ही औषधं मेणात मुरतात. तेच मेण वर्षानुवर्षं पेटीत फिरतं, त्यातून मधात उतरतं. दुसरं म्हणजे फ्लुव्हॅलिनेट या माईटनाशकाच्या पट्ट्यांना दाद न देणाऱ्या माईट १९९०च्या दशकातच युरोपात तयार झाल्या. वर्षभर त्याच पट्ट्या टांगून ठेवणं म्हणजे तशा माईट निवडून वाढवणं.

फॉर्मिक आम्ल हे एकच असं आहे की त्याची वाफ बंद घराच्या झाकणातून आत जाऊन माईट मारते. उत्तरेत ८५ टक्क्यांचं, रोज ५ मिली, बाटलीत कापसाची वात घालून १५ दिवस ठेवतात. पण ते थंड हवेचं औषध. पारा ३०च्या वर गेला की भसकन वाफ होते, राणी मरते, पिलावा मरतो. राजापूरला मार्चमध्ये दुपारी ३३-३४ असतो. आता ते नको. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, त्याचीही मर्यादा साधारण तिथेच, शिवाय मधाला वास लागतो. गंधकाची पूड फ्रेमच्या माथ्यावर टाकतात, फ्रेमला २०० मिलिग्रॅम, पण तीही मध चालू असताना नाही.

म्हणून त्या दोन पेट्यांना असं करा. पिकलेला, झाकण लागलेला मध आत्ताच काढून घ्या आणि मधकोठी उतरवा. राणी पिंजऱ्यात घालून पिलावा कोठीतल्याच मधल्या फ्रेमवर ठेवा, २४ दिवस. पिंजरा असा हवा की कामकरी माश्या जाळीतून राणीला खाऊ घालू शकतील. अंडं ते कामकरी २१ दिवस, नर २४, म्हणजे या मुदतीत शेवटचं बंद घरही उघडतं. आता एकही माईट लपलेली राहिली नाही, सगळ्या माश्यांच्या अंगावर. ट्रॉपिलेलॅप्स नजरेतून सुटली असेल तर ती एव्हाना उपाशी मेलेली. मग ऑक्झॅलिक आम्ल एकदाच. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक १ लिटर, त्यात ३५ ग्रॅम ऑक्झॅलिक. संध्याकाळी, माश्या परतल्यावर, दोन फ्रेमच्या फटीत माश्यांवर ५ मिली, पेटीला जास्तीत जास्त ५० मिली. सिरिंजने मोजून. रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच, हे आम्ल कातडी आणि डोळे जाळतं. जास्त घातलं किंवा पुन्हा पुन्हा घातलं तर माश्या मरतात. पिलावा असताना घातलं तर बंद घरातल्या माईटना ते पोहोचतच नाही, लोक त्यालाच "औषध लागू पडत नाही" म्हणतात.

रानवाट | १५ मार्च

चोवीस दिवस राणी अंडी घालणार नाही, वसाहत खचणार नाही का?

मधकोठी | १५ मार्च

थोडी खचते. पण पाच-सहा टक्क्यांवर काहीच केलं नाही तर पावसाआधी संपतेच. पिलावा नसला की दाई माश्या मोकळ्या होतात, त्या मकरंदाला जातात. एप्रिलात तुमच्याकडे जांभूळ फुलेल, त्यावर वसाहत सावरेल. राणी सोडल्यावर आठवडाभर पातळ पाक दिलात तर अंडी लवकर सुरू होतील.

बाकी तीन पेट्यांत आत्ता फक्त नरांची फ्रेम. त्यांचा मोठा उपाय जूनमध्ये. आपल्याकडे मृग बरसला की बाहेर फुलोरा नाही, उडायला उघडीप नाही, राणीचं अंडी घालणं आपसूक उतरतं. घाटावर सूर्यफुलाच्या मागे फिरणाऱ्यांना असा खंड मुद्दाम पाडावा लागतो, आपल्याला पाऊस अर्धं काम करून देतो. त्याच दिवसांत राणी पिंजऱ्यात, मग एखाद्या उघडिपीच्या संध्याकाळी ऑक्झॅलिक. पारा तेव्हा मध्यम असतो आणि मधकोठी नसते. कोकणातल्या मेलिफेरावाल्यांनी वर्षाचा मुख्य उपचार पावसावरच बेतावा असं माझं ठाम मत आहे. पावसात पाक द्यायला मात्र विसरू नका, उपाशी वसाहत माईटने नाही तर भुकेने जाते.

किडामुंगी | १६ मार्च

त्या दोन पेट्यांची दारं आजच अरुंद करा. अशक्त वसाहत दुसऱ्या माश्या लुटायला येतात आणि मधाबरोबर माईटही घरी नेतात. साखरपाक संध्याकाळीच द्या, बाहेर सांडू देऊ नका. आणि मेलिफेराची हत्यारं सातेरीला वापरायची असतील तर धुऊन वापरा. शक्य असेल तर सातेरीच्या पेट्या बागेच्या दुसऱ्या टोकाला न्या, पण एकदम नको. दिवसभरात काही फूट असं हळूहळू, नाहीतर परतणाऱ्या माश्या जुन्या जागी घिरट्या घालतील.

नमुना दाखवायचा असेल तर मेलेल्या माश्या स्पिरिटमध्ये घालून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत न्या. महाबळेश्वरचं मध संचालनालय सातेरीच्या बाबतीत चांगलं मार्गदर्शन करतं.

कातळसडा | १६ मार्च

दोन्ही पेट्यांचा मध काढला, राण्या पिंजऱ्यात गेल्या, दारं अरुंद केली. नवीन पेट्या आणल्यावर तिथल्या तिथे मोजून घ्यायच्या का, हे पुढच्या वेळेसाठी विचारून ठेवतो.

सुरंगी | १६ मार्च

पैसे द्यायच्या आधी. विकणाऱ्यासमोर बरणी हलवा आणि आकडा दोघांनी बघा. चांगला मधपाळ त्याला नाही म्हणत नाही. आणि राणी सोडाल तेव्हा इथे लिहा, आमच्याकडच्या दोघी-तिघी हेच करायच्या विचारात आहेत.

मधकोठी | १६ मार्च

ऑक्झॅलिक घातल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याच पेट्या पुन्हा मोजा, तो आकडाही टाका. तेव्हा पिलावा नुकता सुरू झालेला असेल, म्हणून एक टक्क्याच्या आतच यायला हवा. त्यापेक्षा जास्त आला तर शेजारच्या तीन पेट्यांतून येताहेत का ते बघू.